दुकान हलवलं तरी गुगलवर जुना पत्ता, जुना नंबर परत परत येतोय? आधी तो कुठून येतोय ते शोधा

दुकान हलवलं, नंबर बदलला, गुगल बिझनेस प्रोफाइलवर (गुगल सर्च आणि मॅप्सवर दुकानाचं नाव-पत्ता-नंबर दाखवणारं पान) जाऊन दोन्ही नीट केले, बदल दिसायला पण लागले, आणि महिना-दीड महिन्यानं एखादं गिऱ्हाईक नवीन दुकानात येऊन चिडून सांगतं की अहो मी आधी तुमच्या जुन्या जागी, गुलमंडीला जाऊन आलो, तिथं दुसराच बोर्ड लागलाय. मोबाइल उघडून बघावं तर जुना पत्ता परत हजर. परत बदलायचं, परत काही दिवसांनी तेच. मी छत्रपती संभाजीनगरात दुकानदारांच्या ऑनलाइन लिस्टिंगची कामं करतो आणि सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार हीच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिली शंका बहुतेकांना शेजारच्या दुकानदाराची येते, की तोच मुद्दाम बदलतोय. तसं होऊ शकतं, कारण गुगल मॅप्सवर कुणीही बदल सुचवू शकतं, पण पत्ता बरोबर जुनाच येत असेल, तोच जुना लँडलाइन नंबर येत असेल, तर त्यामागे माणूस नसण्याची शक्यता जास्त. कुठंतरी तुमची जुनी माहिती अजून जिवंत आहे आणि सिस्टीम ती उचलून परत आणतेय.

गुगल स्वतःच सांगतं की प्रोफाइलमधली माहिती ते फक्त मालकाकडून घेत नाहीत, वेबवर उघड असलेला मजकूर, दुसऱ्या कंपन्यांकडून लायसन्सनं घेतलेला डेटा आणि लोकांनी सुचवलेले बदल हे सगळं एकत्र करून ठरवतात. आता विचार करा, तुम्ही एका जागी नवीन पत्ता टाकला आणि बाकी दहा ठिकाणी जुना आहे, तर त्या सिस्टीमला कळणार कसं की दहा चूक आणि एक बरोबर? उलट तिला वाटतं की मालकाच्याच प्रोफाइलमध्ये गडबड आहे. म्हणून नुसतं गुगलवर जाऊन पुन्हा पुन्हा बदलणं म्हणजे टाकीत गाळ असताना नळ पुसत बसणं.

आता ही माहिती फिरते कशी ते थोडं समजून घ्या, त्याशिवाय शोधायचं कुठं ते कळणार नाही. जस्टडायल आणि इंडियामार्ट दोन्ही १९९६ पासूनचे, जस्टडायल तर आधी फोनवरच माहिती द्यायचं, वेबसाइट नंतर आली, त्यामुळे जुन्या दुकानांची नोंद तिथं कधीकाळी झालेली असते आणि आज दुकानात बसणाऱ्या मुलाला ती माहीतही नसते. तसलीच सुलेखा आहे. फेसबुक पेज आहे. मायक्रोसॉफ्टच्या बिंग सर्चचं बिंग प्लेसेस आहे, आणि तिथं एक गोष्ट हमखास होते, कुणीतरी पूर्वी गुगलवरून माहिती एकदा इम्पोर्ट करून सोडून दिलेली असते, मग गुगलवर बदललं तरी बिंगवर जुनंच. आयफोनवाल्यांसाठी अ‍ॅपल मॅप्स, त्यावर दुकानाची माहिती टाकायची सोय जानेवारी २०२३ मध्ये अ‍ॅपल बिझनेस कनेक्ट नावानं सुरू झाली आणि ती फुकट आहे, पण आपल्याकडे फार कमी दुकानदारांनी त्यावर क्लेम केलंय, म्हणजे हे दुकान माझं आहे असं सांगून ताबा घेतलाय. बऱ्याच गाड्यांच्या नेव्हिगेशनमध्ये मॅपमायइंडियाचा, म्हणजे मॅपल्सचा नकाशा असतो, तो वेगळा. ओपनस्ट्रीटमॅप वेगळा, तो २००४ पासून लोकच भरतात आणि तुम्ही स्वतः दुरुस्त करू शकता, फक्त गुगलवरचं बघून तिथं उतरवायचं नाही, स्वतःला माहीत असलेलंच टाकायचं.

आणि यांच्या मागे अजून एक थर आहे जो दिसत नाही. ठिकाणांची माहिती गोळा करणाऱ्या फोरस्क्वेअर कंपनीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये दहा कोटींहून जास्त ठिकाणांचा डेटा सगळ्यांसाठी खुला केला. डिसेंबर २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉन, मेटा, मायक्रोसॉफ्ट आणि टॉमटॉम यांनी मिळून खुला नकाशा-डेटा बनवणारं ओव्हरचर मॅप्स फाउंडेशन काढलं, त्यातल्या ठिकाणांच्या यादीत मेटाकडची माहिती आहे, मेटाकडची म्हणजे फेसबुक पेजेसवरची. म्हणजे तुमच्या फेसबुक पेजवर जुना पत्ता राहिला तर तो फेसबुकपुरता राहत नाही, असा खुला डेटा घेऊन उद्या कुणी छोटं अ‍ॅप काढलं की तिथं तुमचं दुकान गुलमंडीतच. शिवाय असंख्य बारक्या डिरेक्टऱ्या, म्हणजे दुकानांच्या नाव-पत्ता-नंबरच्या याद्या देणाऱ्या साइट्स आहेत ज्या एकमेकींवरून सरळ उचलतात, त्यांच्याकडे विचारायलाही कुणी बसलेलं नसतं.

आणि एक जागा बहुतेक लोक विसरतातच, जीएसटी. जीएसटी नंबर टाकून मुख्य व्यवसायाचा पत्ता कुणालाही बघता येतो, आणि तो बघून पानं बनवणाऱ्या वेबसाइट्स भरपूर आहेत. जागा बदलली की १५ दिवसांत जीएसटीमध्ये दुरुस्तीचा अर्ज करायचा असतो, पण दुकान हलवण्याच्या धावपळीत ते राहतं, आणि मग सरकारी नोंदीतच जुना पत्ता असताना बाकीच्यांशी भांडून उपयोग काय. आधी सीएला फोन करा, ते झालंय का विचारा. शॉप अ‍ॅक्ट आणि उद्यमवरही (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) बघून घ्या, कारण पुढं व्हेरिफिकेशनला, म्हणजे दुकान तुमचंच आहे हे पटवायला, हीच कागदं दाखवावी लागू शकतात.

आता शोधायचं कसं. समजा जुना लँडलाइन ०२४० वाला आहे. तो नंबर दुहेरी अवतरण चिन्हात टाकून गुगलवर सर्च करायचा, म्हणजे तंतोतंत तोच मजकूर असलेली पानं येतात. पण एकाच पद्धतीनं टाकून थांबू नका, इथंच लोक चुकतात. ०२४० नंतर डॅश देऊन टाका, डॅश न देता टाका, शून्य काढून पुढं +९१ लावून टाका, नुसता शेवटचा सात आकडी नंबर टाका. मोबाइल असेल तर सलग दहा आकडे, पाच-पाच तोडून, सुरुवातीला शून्य लावून, +९१ आणि डॅश लावून. प्रत्येक वेळी वेगळी पानं निघतात. मग हेच सगळं बिंगवर परत. त्यानंतर दुकानाचं नाव आणि जुना एरिया, आणि दुकानाचं नाव आणि जुनी खूण, म्हणजे अमुक बँकेसमोर, तमुक हॉटेलच्या मागे. जे जे सापडेल ते एका एक्सेल शीटमध्ये लिंकसकट टाका, शेजारी लिहा की तिथं नंबर कुठला, पत्ता कुठला, लॉगिन कुणाकडे.

सापडलेल्या पानांमधलं मूळ कुठलं आणि नक्कल कुठली हे ओळखायची एक युक्ती सांगतो, मला ती फार उपयोगी पडते. चुका बघा. एका पोळी-भाजी केंद्राचं काम होतं, गुलमंडीतून सिडको एन-४ ला हललेलं, टिफिनच्या ऑर्डरी सगळ्या फोनवर, त्यामुळे चुकीचा नंबर म्हणजे थेट धंद्यावर घाव. त्यांच्या जुन्या पत्त्यात खूण होती बँकेच्या मागे, पण सापडलेल्या बऱ्याच डिरेक्टऱ्यांवर लिहिलं होतं बँकेच्या समोर. आता ही चूक सगळ्यांनी आपापली तर केली नसणार, कुणीतरी एकदा केली आणि बाकीच्यांनी उचलली. शोधत गेलो तर ‘समोर’ होतं त्यांच्याच जुन्या मेनूकार्डच्या पीडीएफमध्ये, जी घरातल्या कुणीतरी पूर्वी बनवून दिलेल्या वेबसाइटवर अजून पडून होती. नवीन वेबसाइट वेगळ्या नावानं झाली, जुनी कुणी बंदच केली नव्हती, डोमेन आपलं दरवर्षी ऑटो रिन्यू होत होतं. आणि दुसरं मूळ निघालं एक फेसबुक पेज जे त्यांनी कधी बनवलंच नव्हतं. फेसबुकवर एखाद्यानं अशा ठिकाणी चेक-इन केलं की ज्याचं पेज नाही, तर तसं अनऑफिशियल पेज आपोआप तयार होतं, त्यावर जुना पत्ता होता आणि लोक तिथं जेवणाचे फोटो टाकत होते. केंद्र चालवणाऱ्या ताईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, अरे हे तर आपलंच ताट आहे की!

ती पीडीएफ काढली, जुनी वेबसाइट नवीनवर वळवली, ते पेज क्लेम करून त्यांच्या खऱ्या पेजमध्ये मर्ज (एकत्र) करायला टाकलं, आणि त्यानंतर गुगलवर केलेला बदल टिकला. नंतर बारक्या डिरेक्टऱ्यांवर जुना पत्ता काही काळ दिसत राहिला, पण गुगलवर तो परत चढला नाही. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो की पहिली तपासणी स्वतःच्या घराची करा. वेबसाइटचं कॉन्टॅक्ट पान सगळे बदलतात, पण तळाशी फुटरमध्ये जुना पत्ता, ब्लॉगमध्ये जुना नंबर, फोटोतल्या व्हिजिटिंग कार्डावर जुना नंबर, आणि पानाच्या कोडमध्ये स्कीमा म्हणून जो पत्ता लिहिलेला असतो, जो माणसाला दिसत नाही पण सर्च इंजिन वाचतं, तो तर नेमका राहतोच. वेबसाइट बनवणाऱ्याला हे स्पष्ट विचारा की स्कीमामध्ये पत्ता बदलला का. गुगलनं पूर्वी जी फुकट बिझनेस डॉट साइटवाली पानं दिली होती ती मार्च २०२४ मध्ये बंद झाली, त्यामुळे कुठं त्या पानाची लिंक दिली असेल तर ती आता मेलेली आहे, तीही बदला.

क्रम असा ठेवा. नवीन जागेवर बोर्ड लागला की गुगलवर बदल लगेच करून टाका, कारण गिऱ्हाईक तिथंच बघतं, पण तो टिकेल असं अजून धरू नका. मग सरकारी कागद, मग स्वतःची वेबसाइट आणि फेसबुक-इन्स्टा, मग जस्टडायल, इंडियामार्ट, सुलेखा यातलं जे तुमच्या धंद्याला लागू असेल ते, खाण्याचा धंदा असेल तर झोमॅटो-स्विगी, मग बिंग, अ‍ॅपल, मॅपल्स. बारक्या डिरेक्टऱ्या सगळ्यात शेवटी, आणि त्यातही जिथं क्लेम करायचं बटण किंवा मेल आयडी आहे तिथंच वेळ घाला. एखाद्या पानावर माहिती बदलली किंवा पान उडालं तरी गुगल सर्चमध्ये जुनाच मजकूर दिसत असेल, तर गुगलचं ‘रिफ्रेश आउटडेटेड कंटेंट’ नावाचं टूल आहे, पान तुमच्या मालकीचं नसलं तरी त्यात लिंक टाकता येते.

सगळीकडे नाव-पत्ता-नंबर अक्षरशः एकसारखा लिहा. आपल्या सिडकोच्या पत्त्यांचा तर आनंदच असतो, कुणी एन-४ लिहितं, कुणी एन ४, कुणी सेक्टर एन-४, कुणी नुसतं सिडको आणि पुढं प्लॉट नंबर. कॉम्प्युटर एवढं तेवढं समजून घेतो, पण नाव पण वेगळं, नंबर पण वेगळा आणि पत्ता पण वेगळ्या पद्धतीनं लिहिला तर त्याला ती दोन वेगळी दुकानं वाटतात आणि डुप्लिकेट लिस्टिंग तयार होतं. तुमच्या शॉप अ‍ॅक्टवर जसा पत्ता आहे तसा एकदा मोबाइलमध्ये नोट करून ठेवा आणि सगळीकडे तोच कॉपी-पेस्ट करा, हातानं टाइप करूच नका.

शहराच्या नावाचा घोळ आपल्याकडे वेगळाच आहे. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. काही साइट्सच्या शहरांच्या यादीत नवीन नाव आलंय, काहींमध्ये अजून जुनंच आहे आणि हातानं लिहायची सोयच नाही. माझं मत असं की जिथं नवीन नाव मिळतं तिथं नवीनच घ्या, जिथं यादीत जुनंच आहे तिथं ते निवडा आणि पुढं जा, त्यावरून अडून बसू नका, पण पिनकोड आणि फोन नंबर मात्र सगळीकडे तंतोतंत पाहिजेत, जुळवाजुळवीला तेच कामी येतात. गिऱ्हाईक जुन्या नावानं शोधतं ही भीती असेल तर माहितीच्या परिच्छेदात जुनं नाव एकदा येऊ द्या. दुकानाच्या नावातच दोन्ही शहरं घुसवायची नाहीत.

नावावरून आठवलं, दुकानाच्या नावापुढं ‘बेस्ट टिफिन सर्व्हिस होम डिलिव्हरी’ असलं शेपूट लावायचा सल्ला बरेच एजंट देतात, ते करू नका. गुगलचा नियम सरळ आहे, बोर्डवर जे नाव तेच प्रोफाइलवर, आणि त्यावरून प्रोफाइल सस्पेंड झालेली मी पाहिलीयत. पत्ता बदलला की गुगल परत व्हेरिफिकेशन मागू शकतं, आता ते बहुतेक व्हिडिओनंच होतं. त्यात रस्ता आणि आजूबाजूची दुकानं, तुमचा बोर्ड, आणि आत मालकालाच जाता येईल असं काहीतरी, म्हणजे शटर चावीनं उघडताना, गल्ला, किंवा भिंतीवरचं लायसन्स, हे सगळं एकाच सलग शूटिंगमध्ये यायला पाहिजे, मध्ये कापलेलं चालत नाही. म्हणून बोर्ड लागायच्या आधी पत्ता बदलायला जाऊ नका. बोर्ड मराठीत देवनागरीत असणं महाराष्ट्रात बंधनकारक आहेच, पण प्रोफाइलवरचं नाव इंग्रजीत असेल तर बोर्डावर तेही बारीक अक्षरात असलेलं बरं, म्हणजे व्हिडिओ तपासणाऱ्याला जुळवता येतं.

नवीन जागेसाठी नवीन प्रोफाइल काढायचा मोह आवरा. जुन्यातच पत्ता बदलायचा असतो, रिव्ह्यू त्यातच राहतात. इतक्या वर्षांचे रिव्ह्यू सोडून शून्यापासून सुरुवात करणारे लोक बघितले की खरंच वाईट वाटतं. आणि जुनं प्रोफाइल ‘कायमचं बंद’ करून टाकलं तर नावानं शोधणाऱ्याला पहिलं तेच लाल अक्षरात दिसतं आणि तो समजतो की संपलं दुकान. दोन प्रोफाइल आधीच झाली असतील तर जुन्यावर दुकान हलल्याचं रिपोर्ट करा.

लॉगिनच सापडत नाही हा पण रोजचा विषय. प्रोफाइल कुणीतरी मोबाइलच्या दुकानातल्या पोरानं त्याच्याच जीमेलवर बनवून दिलेलं असतं. गुगलवर ओनरशिप रिक्वेस्ट टाकता येते, सध्याच्या मालकाला उत्तर द्यायला ३ दिवस मिळतात, त्यानं काहीच केलं नाही तर पुढं स्वतः व्हेरिफाय करून ताबा मिळवायचा पर्याय येऊ शकतो. ताबा मिळाला की प्रोफाइल ज्या जीमेलवर आहे तो रोजच्या वापरातला असू द्या, कारण गुगलनं किंवा कुणी माहिती बदलली की त्याची सूचना तिथंच येते आणि चुकीचा बदल तुम्ही तिथून नाकारू शकता. ती न बघता पडून राहिली की चुकीचा बदल तसाच दिसत राहतो.

अजून एक छुपं कारण, हे फार कमी लोकांना माहीत असतं. काही डिरेक्टऱ्या तुमचा खरा नंबर न दाखवता स्वतःचा एक नंबर दाखवतात, त्यावर आलेला फोन तुमच्याकडे वळवतात, म्हणजे त्यांना किती फोन गेले ते मोजता येतं. पॅकेज चालू आहे तोवर ठीक, पण तो नंबर दुसऱ्या साइट्स उचलतात, आणि पॅकेज बंद झालं की गिऱ्हाईकाचा फोन कुठंच लागत नाही किंवा भलतीकडे लागतो. तुमच्या सर्चमध्ये न ओळखीचा नंबर दुकानाच्या नावापुढं दिसला तर आधी हेच तपासा.

‘साठ-सत्तर डिरेक्टऱ्यांत लिस्टिंग करून देतो’ असं पॅकेज घ्यायच्या आधी दोन प्रश्न विचारा, यादी दाखवा आणि लॉगिन कुणाच्या ईमेलवर असणार? यादीत बऱ्याचदा अमेरिकेतल्या साइट्स भरलेल्या असतात, ज्या संभाजीनगरातलं गिऱ्हाईक आयुष्यात उघडणार नाही. तिकडची पद्धत वेगळी आहे, तिथं डेटा अ‍ॅक्सल, लोकलेझ, फोरस्क्वेअर अशा मोठ्या पुरवठादारांकडे माहिती दिली की ती पुढं बऱ्याच ठिकाणी जाते, त्यामुळे न्यू जर्सीत वगैरे ज्यांचा धंदा आहे त्यांनी तिथूनच सुरुवात करावी. इथल्या दुकानाला त्याचा फारसा फायदा नाही. इथं मोजक्या दहा-बारा जागा, पण स्वतःच्या लॉगिननं आणि स्वतःच्या ताब्यात, एवढं पुरतं. उरलेली पन्नास ही पुढच्या वेळी जागा बदलाल तेव्हाची पन्नास जुनी पानं असतात.

आणि जुनं सिम लगेच बंद करू नका, याबद्दल मी अगदी आग्रहानं सांगतो. बंद झालेला मोबाइल नंबर किमान ९० दिवसांनी दुसऱ्या कुणाला तरी दिला जाऊ शकतो, मग तुमच्या दुकानाचे फोन एखाद्या अनोळखी माणसाला जायला लागतात, त्याला दिवसभर टिफिनच्या ऑर्डरी, आणि त्या नंबरवर उघडलेली तुमची डिरेक्टऱ्यांची लॉगिन असतील तर ओटीपी पण त्याच्याकडेच. लिस्टिंग दुरुस्त करायला निघालात आणि ओटीपी जातोय बंद झालेल्या नंबरवर, हे झालं की प्रत्येक ठिकाणी कागदपत्रं देऊन विनवण्या करत बसावं लागतं. सगळ्यात स्वस्त रिचार्ज मारून ते सिम एखाद्या जुन्या हँडसेटमध्ये चालू ठेवा, कॉल नव्या नंबरवर फॉरवर्ड करा, आधी सगळ्या लॉगिनमधला नंबर बदला, आणि वर सांगितलेल्या सगळ्या पद्धतींनी जुना नंबर सर्च करून कामाचं एकही पान येईनासं झालं, फॉरवर्डनं येणारे फोन पण थांबले, की मग बंद करा.